मोजणीचा महिना

पत्र मार्चच्या सव्वीसला आलं:
माळावरचे भोवत्या पक्षी मोजा,
अहवाल एकतीसच्या आत.

तय्यबनं गाडीला किक मारली.
भूम सोडलं की खडी, मग बैलवाट, मग नुसता माळ.
तीन संध्याकाळी आम्ही तिथंच बसलो
जिथं पौषात एकशे चौदा उतरले होते,
कुसळी गवतात एकेक करून,
कुणी दिवे मालवत जावं तसे.
आता गवत खाल्लेलं, उरलेलं जळालेलं.
वर घारसुद्धा नाही.

रकान्यात मी शून्य लिहिलं.
आकडा खोटा नव्हता.
तय्यब म्हणाला, मॅडम,
झिरोपेक्षा तारीख मोठी काढा.

धुळाजी गडदे मेंढरं पांगवून आला,
घोंगडीवर टेकला,
माझा कागद उलटा धरून बराच वेळ बघत राहिला.
"ते गेले की होळीच्या आगंमागं.
आता काय मोजायलाव, सावल्या?"

मग काठीनं मातीत रेघा ओढत बोलला,
मला नाही, रेघांना:
हस्ताचा पाऊस सरला की गवताला तुरा येतो,
तवा इचारावं त्याला नाव.
पवन्या का मारवेल का शेडा,
तुऱ्याआधी समदी एका तोंडाची.
तणमोर मघात उडी मारायचा म्हणं, माणसाएवढी.
आज्यानं पाहिली. मी नाही.
पण दिसलाच तर तवाच दिसंल,
दिवाळीत धुंडून काय उपेग?
आन् थंडीत त्या वघळीकडं जाऊ नका.
लांडगीण बिळात असती,
तुमचा वास आला की पिल्लं उचलून दुसरीकडं न्हेती,
एखादं ऱ्हातं मागं.

वैशाखी पुनवेचं मला ठाऊक होतं,
पाणवठ्याची मचाण, थर्मास, डोळ्यांत तेल.
तेवढं एकच आमच्या फायलीत बरोबर बसलंय.
तहान लागली की कुणी लपून राहत नाही.

"आन् आत्ता?" तय्यबनं विचारलं.
"आत्ता धाविक बसलाय की.
तुज्या चाकापासून इतभर."

वाकून पाहिलं.
दोन खडे.
मग डोळा स्थिरावला, तशी
ठिपक्यांची दोन अंडी,
घरटं नाही, काडी नाही, आडोसा नाही.
आम्ही गाडी चालू केली नाही.
हातानं ढकलली, पन्नास पावलं, श्वास धरून.

त्या पन्नास पावलांत मला आमची वस्ती आठवली,
पाटोद्याच्या अंगाची.
दिवाळी झाली की अठ्ठावीस कोयते निघायचे,
नवराबायको मिळून एक कोयता,
आणि आम्ही पोरं हिशोबात नाही, ट्रॉलीत.
मागं उरायचे म्हातारे, एक कुत्री, कुलपं.
एका मार्गशीर्षात मोजणीचे गुरुजी आले,
कड्या वाजवल्या, पाणी प्यायले,
आणि लिहिलं: शाळेजोगी मुलं, तीन.
आम्ही एकतीस होतो.
आम्ही फडात वाढं बांधत होतो,
पाचटाच्या खोपीत झोपत होतो,
दोनशे मैलांवर अगदी जिवंत.
तिघांसाठी शाळा होत नाही.
गुरुजींचाही आकडा खोटा नव्हता.

शेऱ्याला फॉर्ममध्ये दोन ओळींची जागा असते.
मी तिथं लिहायला लागले,
भोवत्या कधी येतो, कधी जातो,
गवत कधी ओळखू येतं, वघळीत कधी जाऊ नये,
आणि ओळी संपल्या तशी
कागदाच्या पाठीवर गेले.
वर साहेब वाचतील की नाही, देव जाणे.
पाठीवरचं सहसा झेरॉक्स होत नाही.

निघताना सवयीनं धुळाजीला विचारलं,
मेंढरं किती आहेत तुमची?
त्यानं माळाकडं हात केला,
ठिपके ठिपके, उन्हात सुटे.
"दिवस बुडल्यावर इचारा," म्हणाला.
"आत्ता पांगल्यात."